राऊतकाकांचा शेरा

राऊतकाकांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "ओके कुठल्या रंगाचं असतं गो, बाय?"

मी पालघरच्या कॉलेजातून केमिस्ट्रीत पहिला वर्ग मिळवून आले होते आणि त्याचा तोरा अजून उतरला नव्हता. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कपड्यांचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात लॅबमध्ये नोकरी लागली. राऊतकाका त्या लॅबचे प्रमुख. बुटके, पोट सुटलेले, खिशाला पाच रंगांचे डाग पडलेला पांढरा कोट घातलेले. पालघरजवळच्या माहीमहून रोज स्कूटरवर यायचे आणि आल्या आल्या कोटाच्या खिशातून एक पुस्तक काढून तराजूशेजारी ठेवायचे. पुस्तकाला वापरलेल्या गाळणकागदाचं कव्हर असायचं, तेही डागांसकट. आत कविता!

आमच्याकडे टाकीतली क्रिया पुरी झाली की नाही हे बघायची एक जुनी पद्धत आहे. काचेची कांडी टाकीतल्या रंगात बुडवायची आणि टोकाचा थेंब गाळणकागदावर टेकवायचा. थेंब पसरतो, मधे गडद ठिपका राहतो, भोवती ओलसर कड उमटते. याला सगळे 'स्पॉट' म्हणतात. जाणता माणूस कागद ओला असतानाच त्या ठिपक्यावरून आणि कडेवरून टाकीच्या पोटात काय चाललंय ते सांगतो. मग रजिस्टरमध्ये वेळ टाकायची आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं, 'स्पॉट ओके'. साऱ्या वसाहतीत हेच लिहितात. मीही तेच लिहिलं होतं.

"कुठल्याच रंगाचं नसतं," मी जरा घुश्शातच म्हटलं. "ओके म्हणजे ठीक."

"मग तू ते पायलंस कुठं? जे दिसत नाय ते शेऱ्यात लिवायचं नाय. परत बघ. त्याचं नाव सांगू नको, कसं दिसतं ते सांग. दुसऱ्या पाळीच्या माणसाला टाकीजवळ न जाता दिसलं पायजे."

मी तो ठिपका पाच मिनिटं बघत बसले. डोक्यात एकच विचार होता, की या माणसाच्या हाताखाली माझं काही खरं नाही. शेवटी रागारागानं लिहिलं, 'मधे जांभळा, कड पाण्यासारखी, एका बाजूला किंचित गुलाबी.' काकांनी ते वाचलं आणि एवढे खूश झाले की माझ्यासाठी कँटीनमधून स्वतः चहा घेऊन आले. "गुलाबी पायलीस! बघ, हाय का नाय? आताच चौघांनी बघितला हा कागद, गुलाबी कोणालाच दिसली नाय!" खरं सांगते, मला त्या वेळी तो माणूस थोडा वेडाच वाटला.

सकाळी दहाच्या चहाला प्लँटमधले लोक लॅबबाहेरच्या पत्र्याखाली जमायचे. काका तिथं एक कविता वाचायचे. रोज एक, आणि एकच. वाचायचे अगदी वाईट. आवाज नाकातला, धाप लागलेली, ओळ कुठं संपते याचा पत्ता नाही. वाचून झालं की पुस्तक मिटून चहा प्यायला लागायचे. कोणी अर्थ विचारला तर म्हणायचे, "मी काय मास्तर हाय समजवायला? दिवसभर डोक्यात राहू दे, आपोआप उघडंल." काही लोक नुसत्या चहासाठी यायचे, काही काकांची टिंगल करायला. काकांना दोन्ही चालत. कवितेला गिऱ्हाईक कसंही येवो, येतंय ना, असं त्यांचं गणित होतं.

टिंगल करणाऱ्यांत बॉयलरवाले यादवजी पहिले. बिहारचे, मिशीवाले, वीस वर्षं बोईसरमध्ये काढलेले. "राऊतजी, ये कविता से बॉयलर गरम होगा क्या?" असं ते रोज विचारायचे. काकांचं हिंदी म्हणजे मराठीलाच 'है', 'होएगा' जोडलेलं. ते म्हणायचे, "यादवजी, बॉयलर तो होएगा ही गरम. तुम कब होएगा?" एकदा काकांनी त्यांना अट घातली. आठवडाभर बॉयलरच्या दाबाची सुई बघायची, पण आकडा सांगायचा नाही, सुई कशी उठते ते सांगायचं. यादवजींनी हात झटकले. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी चहाच्या वेळी स्वतःच उभे राहिले, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सुई नहीं है राऊतजी, बुढ़िया है. सबेरे घुटना पकड़ के उठती है, और एक बार उठ गई तो दिनभर किसी की नहीं सुनती."

काय हशा पिकला! काका तर स्टुलावरून पडायचेच राहिले. आणि गंमत अशी, की त्या दिवसापासून मी बॉयलरपाशी गेले की मला ती म्हातारीच दिसायची. नुसता आकडा वाचणं मला जमेनासं झालं. यादवजी तर सकाळी आल्या आल्या म्हणायचे, "प्रणाम माताजी."

घरचा प्रकार आणखी निराळा. एका रविवारी काकांनी मला माहीमला जेवायला बोलावलं. त्यांची पानवेलीची वाडी होती, म्हणजे विड्याच्या पानांची, वाडवडिलांपासूनची. काकू पुरणासारख्या गोड आणि मिरचीसारख्या तिखट, दोन्ही एकदम. मला वाढता वाढता म्हणाल्या, "याईना आमटीत मीठ कमी हाय ते सरळ सांगता येत नाय गो. म्हनतात, आज समुद्र लई लांब गेलाय. आता मी समजायचं का मीठ पायजे!" काका मान खाली घालून जेवत होते आणि गालातल्या गालात हसत होते.

जेवणानंतर वाडीत गेलो. वर सावलीसाठी मांडव, खाली गारवा, दोऱ्यांवर चढलेल्या वेलींच्या रांगा. मी म्हटलं, "छान आहे." काकांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी परत 'ओके' म्हटलंय. मग वेलींना पाणी सोडता सोडता त्यांनी स्वतःच्या चार ओळी म्हटल्या. स्वतःच्या ओळी ते फार क्वचित म्हणत.

वेल दोरीला धरून चढत नाही,
सावलीला धरून चढते.
मी पाणी घालतो तिच्या पायाशी
आणि ते वर पोचलेलं मला पानावर कळतं.

मी वर बघितलं. एक मिनिटापूर्वी तिथं नुसता हिरवा रंग होता. आता प्रत्येक पानात पाणी दिसत होतं! खालून, मुळातून, दोरीच्या उंचीएवढं चढून आलेलं पाणी, आणि ते पानापानावर चकाकत होतं. माझ्या अंगावर काटा आला. चार ओळींनी माझे डोळे पुसून दिल्यासारखं झालं. मी वेड्यासारखी एका रांगेतून दुसऱ्या रांगेत धावत होते आणि काका मागून ओरडत होते, "बाय, पाय बघ, वेल तुडवशील!" कवितेनं जग बदलतं वगैरे कोणी म्हटलं तर मी तोपर्यंत हसले असते. त्या दिवसापासून हसत नाही.

आता सोनूदादाबद्दल सांगायला हवं. सोनू धोदडे, चाळिशी ओलांडलेला, जव्हारकडच्या डोंगरातला. पावसाळ्यात गावी नाचणी आणि वरई पिकवायची, आणि दिवाळीनंतर ठेकेदाराकडून आमच्या टाक्यांवर कामाला यायचं असं त्याचं वर्ष. या खेपेला मात्र तो बायको आणि मुलीला घेऊन आला होता. वसाहतीजवळच्या पाम गावात खोली घेतली, मुलीला बोईसरच्या शाळेत नववीत घातलं, आणि पावसाळ्यातही गावी जायचं नाही असं ठरवलं. मुलगी त्याच्या घराण्यात नववीत पोचलेली पहिली. सोनूदादा बोलायचा कमी, लिहायचा त्याहून कमी. चहाच्या वेळी कविता ऐकायला पार मागं, ड्रमांच्या आडोशाला बसायचा. काकांनी त्याला कधी काही विचारलं नाही. "त्याच्यात चाललंय काहीतरी," एवढंच मला म्हणाले होते.

काकांच्या निवृत्तीला दोन महिने उरले असतील. त्या सकाळी बर्फाची गाडी उशिरा आली. आमच्या एका निळ्या रंगाला टाकी बर्फानं थंडगार ठेवावी लागते आणि दुसरं द्रावण तिच्यात हळूहळू सोडावं लागतं. प्रॉडक्शनच्या साहेबांना घाई होती. त्यांनी बर्फाची वाट न बघता द्रावण सोडायला सांगितलं, तेही एकदम. तोंडीच सांगितलं, त्यामुळे कागदावर काही नाही. अकरा वीसला काका फेरीवर टाकीपाशी होते. सोनूदादानं स्पॉट टेकवला, कागद उजेडात धरला आणि कोणी न विचारता बोलला, "भाकर कडंनं करपली, मधी कच्चीच हाय."

काकांनी कागद बघितला आणि लगेच प्लँटच्या रजिस्टरमध्ये लिहिलं: ११.२०, सोनू धोदडे, 'भाकर कडंनं करपली, मधी कच्चीच हाय.' खाली सही. मग साहेबांकडे गेले आणि टाकी थांबवायला सांगितलं. साहेब हसले. "राऊत, भाकरीच्या गोष्टी जेवताना."

आणि इथं माझी करणी. लॅबचा शेरा हवा म्हणून साहेबांनी तो कागद माझ्याकडे पाठवला होता, आणि काका अजून फेरीवरच होते. मी वजनं करत होते. अर्ध्या तासानं कागद हातात घेतला तेव्हा तो वाळून गेला होता आणि ठिपका आणि कड मिळून एकच निळा डाग झाला होता. मी चिठ्ठीवर लिहिलं, 'स्पॉट ओके'. काकांच्या हाताखाली वर्ष काढून! सवयीनं हात चालला, डोळे चाललेच नाहीत. साहेबांना तेवढंच हवं होतं. स्पॉट ओके असला की शेवटी टाकीत सोडा सोडतात; बारा वाजता सोनूदादाला त्या सोड्याची तोटी उघडायला सांगितली, त्यानं ती रोजच्यासारखी उघडली, आणि संध्याकाळपर्यंत टाकीतून निळ्याऐवजी राखाडी चिखल निघाला. सगळा माल वाया.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ठरवून टाकलं की चूक सोनूदादाची. त्यानं बारा वाजता तोटी एकदम उघडली म्हणून माल बिघडला. ठेकेदारानं त्याचा गेटपास काढून घेतला. मुख्य ऑफिसातून शहासाहेब चार दिवसांनी चौकशीला येणार होते, तोपर्यंत तो गेटबाहेर. तिथं दोष लागला असता तर तो ठेकेदार त्याला वसाहतीत दुसरीकडेही उभं करणार नव्हता. म्हणजे पामची खोली सोडायची, मुलीची शाळा सोडवायची आणि सगळ्यांनी परत डोंगरात जायचं. त्याची बायको गेटवर येऊन उभी राहायची आणि थोड्या वेळानं परत जायची.

चौकशीच्या आदल्या दिवशी साहेब लॅबमध्ये आले. काकांना अगदी गोड आवाजात म्हणाले, "राऊत, रजिस्टरमधली ती ओळ जरा नीट करून टाका. मुख्य ऑफिसपुढं कविता बरी दिसत नाही. लॅबच्या चिठ्ठीवर ओके आहेच, तेच तिथंही लिहा. तुमच्या निवृत्तीच्या तोंडावर कशाला कटकट?"

काकांना मी पहिल्यांदाच चिडलेलं बघितलं. कानापर्यंत लाल! "साहेब, त्या मानसानं जे पायलं ते मी लिवलंय. ती ओळ खोडली तर त्या दिवशी टाकीत काय झालं ते सांगनारं जगात काय उरतं? ती कविता असंल तर कविता. खोडनार नाय."

साहेब गेल्यावर मी काकांपुढं उभी राहिले आणि रडत सगळं सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "तू कागद बघितलास तेवा तो ओला व्हता?"

"नाही काका. वाळला होता. आणि खरं तर मी बघितलाच नाही."

"मग उद्या हेच सांग. एवढंच. याला काय कमी हिंमत लागत नाय."

शहासाहेब म्हणजे सत्तरीचे, रंगाच्या धंद्यात केस पांढरे झालेले गुजराती गृहस्थ. त्यांनी आधी तो कागद मागवला. वाळलेला निळा डाग. त्यावरून काहीच कळेना. फोटो कोणाकडे नव्हता, कारण आमच्याकडे मोबाईल गेटवरच जमा करून घेतात. मग माझी चिठ्ठी पुढं आली. मी उठले आणि सांगितलं की हे ओके मी न बघता लिहिलंय. प्रॉडक्शनच्या साहेबांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी अजून विसरले नाही. मग शहासाहेबांनी प्लँटचं रजिस्टर उघडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि ओळ मोठ्यानं वाचली. परत वाचली, या खेपेला मनात.

"मध्ये कच्ची, कडेला करपली," ते सावकाश म्हणाले. "आ तो गरममध्ये घाईनं टाकलेला माल. पण अकरा वीसला? तोटी तर बाराला उघडली ने?"

"ते ओळीत लिहिलंय साहेब," प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले. "ओळीवरून काय सिद्ध होतं?"

"करून बघू," शहासाहेब म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "बेटा, दोन बीकर घे."

माझ्या आयुष्यात मी कुठलाही प्रयोग इतका जीव ओतून केलेला नाही! एका बीकरमध्ये बर्फ घालून, थेंबथेंब द्रावण सोडलं. दुसऱ्यात बर्फाशिवाय, एकदम ओतलं. सोड्याचा एक कणही कुठं घातला नाही, म्हणजे तोटीला दोष द्यायला जागाच नको. सगळे माझ्याभोवती, यादवजीसुद्धा बॉयलर दुसऱ्याच्या हवाली करून दारात उभे. पहिल्या बीकरचा स्पॉट टेकवला. गोल, निळा, भोवती स्वच्छ पाण्याची कड. मग दुसरी कांडी, दुसरा कागद. थेंब पसरायला लागला. मधे फिकट, पिठूळ निळा. आणि कडेनं बघता बघता तपकिरी रेघ उमटली, जाड, कुठं काळी, कुठं तुटकी.

शहासाहेब कागदावर नाक टेकेल इतके वाकले. मग एकदम ताठ झाले आणि ओरडले, "अरे, आ तो रोटलो छे! भाकरीच आहे ही!"

आणि खरंच, भाकरीच होती! तव्यावर घाईनं टाकलेली, कडेला जळलेली, मधे कच्ची नाचणीची भाकरी. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेचना. यादवजींना दिसली, शिपायाला दिसली, साहेबांनी तोंड फिरवलं तेव्हा त्यांनाही दिसली असणार. वाळलेला कागद मुका झाला होता, माझं ओके खोटं होतं, आणि सोनूदादानं तव्यावरून उचललेल्या सहा शब्दांत ती सकाळ जशीच्या तशी शिल्लक होती. मला नाचावंसं वाटत होतं. यादवजींनी तर शिट्टीच मारली.

त्याच दुपारी सोनूदादाचा गेटपास परत आला. साहेबांना बंद दाराआड काय बोलणं खावं लागलं ते आम्हाला कळलं नाही, पण पुढच्या महिन्यात त्यांची बदली झाली. मलाही लेखी समज मिळाली आणि ती मला मिळायलाच हवी होती. जाता जाता शहासाहेबांनी काकांना विचारलं, "तमे माणसांना असं बघायला शिकवता कसं?" काका म्हणाले, "शिकवत नाय साहेब. रोज दहाला चहाबरोबर एक कविता वाचतो. बाकी त्यांचं तेच करतात."

दोन महिन्यांनी काका निवृत्त झाले. निरोपसमारंभात शाल, नारळ, भाषणं सगळं झालं. काकांनी भाषण केलं नाही. माझ्या हातात पुस्तकांची पिशवी दिली आणि म्हणाले, "दहाला. रोज एक. आणि माझ्यापेक्षा बरी वाच, म्हंजे लोक माझी आठवण काढतील." मग तीन वाजता, पाळी संपताना, नेहमीसारखे सगळ्यांच्या घोळक्यातून गेटकडे निघाले. शाल स्कूटरच्या डिकीत कोंबली. स्कूटर तीनदा लाथ मारून सुरू झाली. गेटवर उभे राहून आम्ही हात हलवत होतो, पण ते मागं बघत नव्हते. समोरच्या कारखान्याच्या भिंतीवर पिंपळाचं एक रोप उगवलं होतं, त्याच्याकडे बघण्यात दंग झाले होते आणि मागचा टेंपो हॉर्न वाजवून बेजार झाला होता. शेवटी टेंपोवाल्याला ते रोप बोटानं दाखवलं, त्यालाही बघायला लावलं, आणि मगच गेले.

मी डोळे पुसत आत आले. टाकीपाशी सोनूदादा रजिस्टरवर वाकून उभा होता. हातात पेन. इतक्या दिवसांत त्यानं स्वतः कधी लिहिलं नव्हतं, तो सांगायचा आणि काका लिहायचे. अक्षर मोठं, मुलीच्या वहीत बघून गिरवलेलं असावं तसं. मी खांद्यावरून वाचलं. वेळ, तीन दहा. त्यापुढं शेऱ्याच्या रकान्यात:

'काका गेले. आता बगाया मी हाय.'